चमचाभर मीठ, टाकीभर पाणी

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. पातेल्यात चोचवलेली काकडी, तिच्यावर मीठ पडतं.]

काकडी चोचवून मीठ लावलं की दहा मिनिटांत तळाशी पाणी साचतं. कोशिंबीर करणाऱ्या कुणालाही हे नव्याने सांगावं लागत नाही. फिशटँकमध्ये मीठ टाकताना मात्र ही काकडी आठवत नाही. मलाही आठवली नव्हती.

[दृश्य: बैठकीच्या खोलीतली टाकी. कॅमेरा काचेजवळ जातो.]

ही आमची डोंबिवलीची टाकी. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. हिशेबाने ५६ लिटर. पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ४५ लिटरच. आत गप्पी आणि दोन काळ्या मॉली. लाकडाला दोऱ्याने बांधलेला जावा फर्न. आणि मागे, आता जिथे नुसते देठ दिसतायत, तिथे काबोंबा या जलवनस्पतीची दाट झालर होती.

मासे घेतले तेव्हा दुकानदाराने खड्याच्या मिठाची पुडी बांधून दिली. ‘पाणी भरलं की एक चमचा टाकत जा, मासे आजारी पडत नाहीत.’ सल्ला सोपा होता, म्हणून पाळला. उन्हाळ्यात पाणी भराभर आटायचं. मी दर रविवारी वरून पाणी भरायचो आणि एक मोठा चमचा मीठ घालायचो. पाणी बदलायचा कंटाळा केला, हेही कबूल करतो.

आटतं ते पाणी. मीठ टाकीतच राहतं. चमचा १५ ग्रॅमचा धरा. १२ रविवारचे झाले १८० ग्रॅम. ४५ लिटरला भागलं तर लिटरमागे ४ ग्रॅम. समुद्रात ३५ असतात.

[दृश्य: काबोंबाचं पान अगदी जवळून. हिरवेपणा गेलेला, कडा काचेसारख्या पारदर्शक.]

आधी शेंडे मऊ पडले, मग पानं अर्धपारदर्शक झाली आणि बोट लावलं की गळू लागली. जलवनस्पतीचा ताठपणा तिच्या पेशींत भरलेल्या पाण्यावर असतो. बाहेर मीठ वाढलं की ते पाणी धरून ठेवणं तिला जड जातं. काकडीचंच झालं, फक्त सावकाश. जावा फर्न चिवट, तो टिकला. मॉलींना तर काहीच झालं नाही. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांचे भाऊबंद खाडीत राहतात, समुद्रातही उतरतात. आपल्या कोकणातला काळुंदर जसा गोड्या पाण्यातही दिसतो आणि खाडीतही, तशातलाच प्रकार.

मग मीठ टाकूच नये का? तसंही नाही.

[दृश्य: माशाचे कल्ले, उघडझाप.]

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात क्षार असतात, मिठाच्या मापाने लिटरमागे साधारण ९ ग्रॅम. बाहेर जवळजवळ नाहीच. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सारखं आत शिरत राहतं. मासा ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींनी पुन्हा वेचून घेतो. हे काम रात्रंदिवस चालतं. मासा जखमी झाला, प्रवासाने दमला, की हेच काम त्याला झेपत नाही. अशा वेळी थोडं मीठ म्हणजे त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवणं.

नव्या टाकीत आणखी एक उपयोग आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांत खरा. फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू रुळलेले नसतात, म्हणून पाण्यात नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारं विष, वाढतं. ते कल्ल्यांतून रक्तात जातं, रक्त चॉकलेटी पडतं, आणि एअर पंप धडधडत असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. मिठातलं क्लोराइड त्याच दारातून आत जातं, त्यामुळे नायट्राइटला वाट मिळत नाही. त्याला लिटरमागे पाव ग्रॅमसुद्धा पुरतं. एवढ्याने झाडं तक्रार करत नाहीत. पाणी मात्र बदलावंच लागतं.

[दृश्य: गप्पीच्या शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके.]

आणि हे व्हाइट स्पॉट. मासा खडीला अंग घासतो, पंख मिटून घेतो. ठिपक्यातला परजीवी कातडीखाली असतो. तिथे मीठ पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, एकाचे शेकडो होतात, आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पोहू लागतात. मिठाचा मार बसतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले की लगेच थांबायचं नसतं.

यंदा गप्पींना ठिपके आले, तेव्हा मी टाकीत मिठाचा खडाही टाकला नाही. सगळे मासे प्लास्टिकच्या टबात काढले. १५ लिटर पाणी, एअर स्टोन, आणि वजनकाट्यावर मोजून ३० ग्रॅम मीठ, दोन दिवसांत थोडं थोडं करून. चमच्यावर भरवसा नाही. बारीक मीठ आणि खडे मीठ एका चमच्यात सारखं बसत नाही. इकडे टाकीत मासाच नाही, त्यामुळे परजीवीच्या पिल्लांना चिकटायला अंग मिळालं नाही. मुंबईकडच्या उबेत ती दोनएक दिवसांत संपतात. मी तरी दोन आठवडे टाकी रिकामीच ठेवली.

आयोडीनचं मीठ माशांना मारतं, असं दुकानात अजून ऐकू येतं. किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. ग्रॅमभर मिठातून पाण्यात जातं ते काही मायक्रोग्रॅम. त्याची काळजी सोडा. काळं मीठ मात्र चाटवाल्याकडेच राहू दे.

[दृश्य: टाकीतून नळीने पाणी बादलीत उतरतंय.]

जुनं मीठ काढायला पाणी बदलण्यावाचून उपाय नाही. पाव टाकी पाणी बदललं की पाव मीठ जातं. ४ ग्रॅमचे ३ झाले, मग सव्वादोन, मग पावणेदोनच्या खाली. मला चार रविवार लागले. काबोंबाच्या दोन देठांना खालून पोपटी फुटवे आलेत. बाकीचे काढून टाकले.

[दृश्य: गॅलरीतली तुळस. दारात आईची सावली.]

एरवी टाकीचं जुनं पाणी आई तुळशीला घालते. आजही ती तांब्या घेऊन आली. ही बादली टबातली आहे, असं सांगितलं, तशी तिने ती उचलली आणि सरळ मोरीत रिकामी केली.