बरं वाटतंय ना?

नमस्कार श्रोतेहो.

दवाखान्यातली सकाळची फेरी तुम्ही पाहिली असेल. डॉक्टर खाटेशी येतात, कागद चाळतात आणि विचारतात, "काय, आज बरं वाटतंय ना?" पेशंट म्हणतो, "हो." डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात. त्यांची पाठ वळताच बायको नवऱ्यावर वैतागते, "अहो, रात्रभर पोट दुखत होतं, ते का नाही सांगितलंत?" आता त्या बिचाऱ्यानं सांगायचं कुठे? त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. उत्तर आधीच तयार होतं, त्यावर फक्त त्याची सही हवी होती.

ही सगळी करामत त्या शेवटच्या 'ना'ची. मराठीतला हा एवढासा शब्द, पण प्रश्नाच्या शेपटीला लागला की प्रश्नाचा हुकूम होतो. "येणार आहेस का?" आणि "येणार आहेस ना?" यांतला फरक तुम्हाला मी समजावून सांगायला नको.

मी समुपदेशनाचं काम करते आणि नव्यानं या कामात येणाऱ्यांना शिकवतेही. आज बोलायचंय ते निर्देशात्मक बोलण्याबद्दल. म्हणजे समोरच्याला दिशा देणारं, 'हे कर, असं कर' सांगणारं बोलणं. ते समुपदेशकाच्या खोलीत असतं, साहेबाच्या टेबलाशी असतं, मुलाखतीतही असतं. आणि पुष्कळदा ते आज्ञेच्या कपड्यात येत नाही, त्या 'ना'सारखं लपून येतं.

माझी स्वतःची फजिती आधी सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गृहस्थांच्या परवानगीनं मी आमचं संभाषण रेकॉर्ड केलं आणि घरी वही घेऊन ऐकायला बसले. मी "असं करून बघा" म्हटलं की डाव्या पानावर एक रेघ. ते "हो, पण" म्हणाले की उजव्या पानावर एक रेघ. पाऊण तासात डावीकडे चौदा रेघा झाल्या आणि उजवीकडे तेरा. "भावाशी एकदा स्पष्ट बोला." "हो, पण तो ऐकून घेत नाही." "मग पत्र लिहा." "हो, पण पत्राचं भलतंच व्हायचं." माझा प्रत्येक सल्ला शहाणपणाचा होता, ऐकताना मलाच पटत होता. चौदाव्या सल्ल्याला ते नुसतं "बघतो" म्हणाले. पुन्हा आले नाहीत.

हा 'हो, पण' जगभर ऐकू येतो. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनावर काम करणारे. नॉर्वेत एका उपचारकेंद्रात गेले असताना तिथले तरुण सहकारी पेशंटची भूमिका वठवायचे आणि मिलर यांना मध्येच अडवून विचारायचे, आत्ता हेच का म्हणालात, ते का नाही म्हणालात? या झाडाझडतीतून त्यांचा १९८३ चा लेख आला आणि त्यातून पुढे 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग', म्हणजे बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून यावीत असं बोलण्याची पद्धत उभी राहिली. तिच्या मुळाशी एक साधं निरीक्षण आहे. बदलावं की नाही अशा दुविधेत माणूस असतो, तेव्हा त्याच्या मनात दोन वकील भांडत असतात. तुम्ही 'बदल' या बाजूनं बोलायला लागलात की त्या बाजूचा वकील खाली बसतो. त्याचं काम तुम्ही करताय! उरलेला मग तुमच्याशी भांडतो, आणि भांडता भांडता स्वतःलाच पटवत जातो. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मोजूनही पाहिलं. उपचार करणारा जितका अंगावर जाऊन बोलला, तितकं पेशंटचं पिणं वर्षभरानंतर जास्त होतं.

आता समुपदेशनातलं हे भांडण तसं जुनं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ई. जी. विल्यमसन विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत. चाचण्या घ्यायच्या, माहिती गोळा करायची, निदान करायचं आणि विद्यार्थ्याला सांगायचं, तुझ्यासाठी हा रस्ता बरा. हे निर्देशात्मक समुपदेशन. ११ डिसेंबर १९४० रोजी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स नेमके याच विद्यापीठात भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की उत्तर समोरच्या माणसातच असतं, आपण सल्ला देणं थांबवावं. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याच स्वयंपाकाला नावं ठेवण्यातला प्रकार! गदारोळ झाला. पण १९४२ साली रॉजर्स यांनी आणखी एक धाडस केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. एका माणसाशी झालेल्या आठ भेटींचं रेकॉर्डिंग त्यांनी पुस्तकात शब्द न् शब्द छापलं. बंद दाराआड काय बोललं जातं, ते पहिल्यांदा कागदावर आलं.

गंमत पुढेच आहे. १९६६ साली चार्ल्स ट्रुआक्स यांनी रॉजर्स यांचीच रेकॉर्डिंग तपासली. रॉजर्स सल्ला देत नव्हते हे खरं. पण समोरचा काही विशिष्ट प्रकारचं बोलला की त्यांच्या प्रतिसादात जास्त ऊब आणि जास्त समज दिसे, बाकीच्या वेळी कमी. आणि त्यातल्या बऱ्याच प्रकारचं बोलणं हळूहळू वाढत गेलं. म्हणजे ज्यांनी 'दिशा देऊ नका' असं सांगितलं, ते हुंकारानं दिशा देत होते. यात मला ढोंग दिसत नाही. दोन माणसं बोलायला बसली की दिशा दिली जातेच. मान हलते, भुवई वर जाते. आपल्याला एवढंच ठरवता येतं की कशाला दिशा द्यायची.

मी स्वतःपुरता एक हिशेब ठेवला आहे. ज्या गोष्टीची माहिती माझ्याकडे जास्त, ती मी सांगते. ज्याची माहिती समोरच्याकडे जास्त, ती विचारते. झोप लागत नसेल तर पहाटे घड्याळ बघत लोळू नये, उठून बसावं, हे मी बेलाशक सांगते, कारण ते मला माहीत आहे. भावाशी बोलावं की नाही हे मला कुठून माहीत असणार? तो भाऊ मी बघितलेलाही नाही. सांगायचं असेल तेव्हाही आधी विचारते, "तुम्हाला याबद्दल काय काय ठाऊक आहे?" मग सांगते, आणि पुन्हा विचारते, "हे तुमच्या बाबतीत कितपत लागू आहे?" शिवाय मराठीनं आपल्याला विध्यर्थ दिलाय. 'कर' आणि 'करशील का' यांच्या मधली 'करावंस' ही पायरी आपण उगाच वापरेनाशी केली आहे. "तू थोडं थांबावंस असं मला वाटतं." यात मत माझं आहे आणि निर्णय तुझा आहे, दोन्ही एका वाक्यात.

मात्र एक जागा अशी आहे जिथे मी आढेवेढे घेत नाही. समोरचा माणूस जगण्याला कंटाळल्यासारखा बोलू लागला, तर मी थेट विचारते, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. आणि उत्तर होकारार्थी आलं तर मी स्पष्ट सूचना देते. आज एकट्यानं राहायचं नाही, घरातलं कोण येऊ शकेल त्याला आत्ता माझ्यासमोर फोन लावायचा, जवळ जे घातक असेल ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. तिथे चर्चा नाही. पण शिकाऊ मंडळी काय विचारतात ठाऊक आहे? "तसलं काही मनात येत नाही ना?" पुन्हा तो 'ना'. माणूस म्हणतो, "छे छे." विचारणाऱ्यालाही हायसं वाटतं, आणि खरं बोलायची वेळ निघून जाते.

इथून नेतृत्वाकडे जाणं सोपं आहे, कारण तिथेही घाईच्या वेळी गुळमुळीत बोलणं जिवावर उठतं. २५ जानेवारी १९९०. कोलंबियातून आलेलं आव्हियांकाचं ५२ क्रमांकाचं विमान खराब हवेमुळे न्यूयॉर्कला उतरण्याआधी वाटेत तासाहून अधिक काळ घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं. पहिला प्रयत्न फसला तेव्हा कॅप्टननं सहवैमानिकाला सांगितलं, आणीबाणी आहे असं कळव. सहवैमानिकानं नियंत्रकाला वळणाच्या सूचनेला होकार दिला आणि त्याच दमात जोडलं, आमचं इंधन संपत चाललंय. 'आणीबाणी' हा शब्द उच्चारलाच नाही. नियंत्रकाच्या दृष्टीनं त्या रात्री सगळ्यांचंच इंधन संपत चाललं होतं. विमान पडलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. कॅप्टनचा आदेश स्पष्ट होता, तो पुढे जाताना विनंतीहूनही मवाळ झाला.

म्हणून अशा कामांत आदेशाला एक शिस्त लावतात. कोणी कोसळलं तर "कोणीतरी अँब्युलन्स बोलवा" असं ओरडू नये. 'कोणीतरी' नावाचा माणूस गर्दीत नसतो. बोट दाखवून म्हणायचं, "निळा शर्ट, तुम्ही. अँब्युलन्सला फोन लावा, लागला की मला सांगा." तो म्हणणार, "फोन लावतो." लागल्यावर सांगणार, "लागला." छाती दाबणाऱ्यालाही आकडाच सांगतात, मिनिटाला १०० ते १२० दाब. तिथे "तुम्हाला काय वाटतं?" विचारणारा नेता कोणालाच नको असतो.

पण ही आणीबाणीची भाषा लोकांना आवडते आणि मग ती सोमवार ते शनिवार चालू राहते. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ साली छापलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं केली, मुखवटे वगैरे करायचं काम दिलं. काही ठिकाणी मोठा माणूस एकेक पायरी हुकमानं सांगे, काही ठिकाणी मुलांशी ठरवून काम चाले, काही ठिकाणी तो नुसताच बसून राही. हुकमाखालच्या मुलांचं काम भरपूर झालं. पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की ते ढेपाळे. ठरवून करणारी मुलं तो नसतानाही काम करत राहत. नुसतं बसून राहणाऱ्याच्या हाताखालच्या मुलांचं काय झालं, हे ज्यांचे साहेब 'तुम्हीच बघा' एवढंच म्हणतात त्यांनी ओळखावं. नवख्या माणसाला असं मोकळं सोडणं मला तर निर्दयपणाचं वाटतं. त्याला पहिले काही दिवस नेमकं सांगणारं कोणी हवं असतं. ते न करता 'आम्ही स्वातंत्र्य देतो' म्हणणारे साहेब खरं तर कष्ट वाचवत असतात.

आता मुलाखत. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता? फिल्म तीच. आदळणाऱ्या गाड्यांचा वेग सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितला गेला, लागणाऱ्यांचा ३१.८. पुढच्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलीच नव्हती. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसली होती. एका क्रियापदानं काच फोडली. म्हणून साक्षीदाराशी बोलताना आधी मोकळं सोडायचं, "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा," आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड असतं. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंट संभाषणं मोजली, तेव्हा पेशंट तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते.

नोकरीच्या मुलाखतीत हेच उलट्या बाजूनं दिसतं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, गुण द्यायची पद्धत आधी ठरलेली, अशी संरचित मुलाखत सैल गप्पांपेक्षा माणसाचं पुढचं काम जास्त नीट ओळखते, असं अनेक वर्षांचं संशोधन सांगतं. ऐकायला ती कडक वाटते. पण तिच्यातले सगळे आदेश मुलाखत घेणाऱ्यालाच आहेत. 'समोरचा आपल्या कॉलेजचा निघाला तरी विषय सोडू नकोस', 'पहिल्या दोन मिनिटांत मत बनवू नकोस.' आणि "तुम्हाला टीममध्ये काम करायला आवडतं ना?" हे तर मुळीच विचारू नकोस. आजवर कोणी 'नाही' म्हटलंय?

मध्यंतरी मी पुन्हा तसंच एक रेकॉर्डिंग ऐकायला बसले, वही घेऊन. "असं करून बघा" पाऊण तासात दोनदाच आलं होतं. मी खूश झाले आणि मग दुसऱ्यांदा ऐकताना 'ना' मोजायला घेतले. अकरा निघाले.

नमस्कार.