थंड पडलेला उंदीर आणि उडालेली पिसू

नमस्कार श्रोते मंडळी. उंदीर घरात एकटा कधीच येत नाही. अंगावर पिसवा, उवा, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक माइट्स, आणि पोटात जंत, असं सगळं बिऱ्हाड घेऊनच तो फिरतो. यातल्या पिसवेची एक गोष्ट मला फार आवडते, ती आज सांगते.

1896 ला मुंबईत गाठीचा प्लेग आला. आधी उंदीर पडायचे, मग माणसं, एवढं सगळ्यांना दिसत होतं, पण उंदरातनं रोग माणसात जातो कसा हे कुणालाच कळत नव्हतं. कोणी म्हणायचं हवेतनं, कोणी म्हणायचं जमिनीतनं. तेव्हा पॉल-लुई सिमाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर इथे आला होता, त्याच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. काही रोग्यांच्या अंगावर, बहुतेकदा पायावर, एक बारीकसा फोड असायचा, काहीतरी चावल्यासारखा. आणि दुसरं म्हणजे नुकताच मेलेला उंदीर उचलला तर माणूस आजारी पडायचा, पण मरून बराच वेळ झालेला उचलला तर काहीच व्हायचं नाही. नीट ऐका हं, नुकताच मेलेला धोक्याचा, जुना नाही. का? तर उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून उड्या मारतात, गरम अंग शोधत.

मग 1898 ला कराचीत त्याने काय केलं, एक मोठी काचेची बरणी घेतली, तळाला वाळू, त्यात प्लेग झालेला उंदीर ठेवला, आणि पिसवा कमी पडू नयेत म्हणून एका मांजराच्या अंगावरच्याही आणून सोडल्या. तो उंदीर मरायला टेकला तेव्हा दुसरा, चांगला धडधाकट उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच बरणीत वर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्यच नाही, मधून जाऊ शकते ती फक्त पिसू. खालचा मेला. वरचा चार दिवस ठीक होता, पाचव्या दिवशी त्याला हलता येईना, आणि मग तोही गेला, गाठी येऊन. दुसऱ्या बरणीत पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवला होता, तिथल्या शेजाऱ्याला काहीसुद्धा झालं नाही. तारीख 2 जून 1898. पुढची कितीतरी वर्षं लोकांनी त्याचं ऐकलंच नाही!

मला याचा खरंच राग येतो. प्लेगच्या जंतूला येरसाँचं नाव मिळालं, ते योग्यच, त्याने 1894 ला हाँगकाँगमध्ये तो शोधला. पण उंदरावरच्या त्या पिसवेला नाव दिलं पिरॅमिडवाल्या राजाचं, झेनॉप्सिला किऑपिस, आणि सिमाँचं नाव ना त्या जंतूला, ना त्या पिसवेला. शाळेच्या पुस्तकात त्या बरणीचं चित्र हवं असं माझं ठाम मत आहे, मुलं एका चित्रात प्रयोग म्हणजे काय ते शिकतील.

असो. पिसू रोग देते कशी, तर तिच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा अडकतो, प्यायलेलं रक्त खाली उतरत नाही, ती उपाशीच राहते आणि वेड्यासारखी चावत सुटते, आणि दर चाव्याला ते रक्त जंतूंसकट परत बाहेर येतं.

जंतांचं थोडक्यात सांगते. उंदराच्या लेंड्यांतली पट्टकृमीची अंडी धान्यातले किडे खातात, आणि तो किडा चुकून माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या पोटात गेला की जंत तिथे वाढतो. म्हणून धान्य झाकणाच्या डब्यात.

आणि मेलेला उंदीर दिसला तर नुसत्या हाताने उचलू नका. हातमोजे घालून पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट बांधून. बिळांत औषध टाकायचं असेल तर आधी पिसवांचं, मग उंदरांचं, हा क्रम सोडू नका. कारण उंदीर आधी मेले तर पिसवा आणि माइट्स बिळातनं निघून थेट अंथरुणाकडे येतात.