शिवेवरचं पाणी

[दृश्य: पहाट. नागपुरातली एक गल्ली. नळाखाली ओळीने लावलेले गुंड, बकेटा, निळे ड्रम. नळ कोरडा.]

जुलै 2019. पावसाळा लागून दीड महिना होत आला होता आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी होतं. सकाळी उठल्या उठल्या घरोघरी एकच प्रश्न, ‘आज नळ आहे का खाडा?’ ज्या शहरात मे महिन्यात कुलरच्या टाकीत बिनधास्त पाणी ओततात, त्या शहराला हा प्रश्न नवा होता.

नागपूरकराला विचारा, तुमचं पाणी कुठून येतं? तो म्हणेल, गोरेवाडा. जाणकार असला तर म्हणेल, पेंच. आणि पेंच हा शब्द आपण फार सैल वापरतो. पेंच म्हणजे वाघ, पेंच म्हणजे शनिवार-रविवारचं रिसॉर्ट, पेंच म्हणजे नळ. पेंच ही मुळात एक नदी आहे, हे कुणाच्या बोलण्यात येत नाही. तर चला, नळापासून उलटं जाऊ, पाण्याच्या विरुद्ध दिशेने.

[दृश्य: कालव्याच्या कडेने धावणारी गाडी. एका बाजूला धानाच्या बांध्या.]

पहिला थांबा पारशिवनी तालुक्यातलं नवेगाव खैरीचं धरण. इथून दोन कालवे फुटतात. उजव्या अंगाचं पाणी नागपूरकडे येतं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांनाही पेंचचंच पाणी लागतं. डावा कालवा रामटेक-मौद्याच्या धानाकडे जातो. पऱ्हे टाकून झालेत, रोवणी तोंडावर आलीय आणि कालव्यात पाणी नाही, अशा वर्षी या बांधांवर बसलं की ऐकू येतं, ‘शहराले नळ पायजे, आमाले रोवणी नाही का?’ शहरातून आलेल्याकडे याला उत्तर नसतं. माझ्याकडेही नव्हतं. मी कॅमेरा बंद करून चहा घेतला.

खैरीच्या खाली पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे वर्धा येते, प्राणहिता होते, गोदावरी होते. ती खालची गोष्ट. आपल्याला वर जायचंय.

[दृश्य: सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचं सागाचं जंगल. उन्हाळा. पानगळ.]

खैरीपासून वीसेक किलोमीटर वर जंगलात तोतलाडोह आहे. या नावातल्या ‘डोह’कडे नीट बघा. पेंच छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते आणि वळणं घेत सातपुड्यातून उतरते. या पेचांवरूनच तिला पेंच म्हणतात, असं सांगितलं जातं. ती बारमाही कधीच नव्हती. उन्हाळा चढला की धार तुटते आणि खडकांच्या पोटात तेवढी पाण्याची कुंडं राहतात. तेच डोह. वाघ, गवा, चितळ, माणूस, सगळ्यांचा एप्रिल-मे या डोहांवर निघायचा. वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, याच कुंडांना ‘कस्सा’ म्हणतात. नदी तीच, उन्हाळा तोच, शब्द मात्र बदलला. भाषेची शीव इथूनच कुठूनतरी जाते.

सरकारी शीव मात्र अलीकडची आहे. फार अलीकडची. आज ज्या देवगडला जायला नागपूरहून राज्य ओलांडावं लागतं, तो छिंदवाडा जिल्ह्यातला किल्ला एका गोंड राज्याची राजधानी होता. त्याच देवगडच्या बख्त बुलंद शहाने 1702 च्या सुमारास बारा खेड्यांची मोट बांधून नागपूर वसवलं. म्हणजे आजच्या हिशोबाने नागपूरचा संस्थापक मध्य प्रदेशचा! पुढे रघुजी भोसले आले, 1817 ला सीताबर्डीची लढाई झाली, 1853 ला डलहौसीने राज्य खालसा केलं, 1861 ला मध्य प्रांत झाला. धनी बदलले, पण मध्य प्रांत झाल्यावर पेंचचे दोन्ही काठ एकाच राज्यात आले आणि कारभार नागपुरातून चालला. छिंदवाड्याचा, शिवनीचा माणूस सरकारी कामाला नागपूरलाच यायचा.

1 नोव्हेंबर 1956 ला ते संपलं. भाषावार प्रांतरचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा-शिवनी नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्याची राजधानी झाली भोपाळ. नागपूरची राजधानी गेली, याचं दुःख शहर अजून उगाळतं. या खोऱ्याचं काय झालं, ते फारसं कुणी विचारलं नाही. आणि रेषा तरी कुठे सरळ होती? सौंसर-पांढुर्ण्यात घरोघरी मराठी, पोळाही तसाच जोरात. पण ते पलीकडे राहिले.

जमिनीच्या पोटात तर ही रेषा नाहीच. मनसरच्या टेकड्यांत मँगनीज निघतं. ते ज्या प्राचीन खडकांत सापडतं त्यांना भूगर्भशास्त्रात ‘सौंसर समूह’ म्हणतात. म्हणजे नाव मध्य प्रदेशातल्या गावाचं आणि खाण रामटेक तालुक्यात.

[दृश्य: तोतलाडोह. भिंत, दरवाजे, मागे पसरलेलं पाणी. पाण्यातून वर आलेले वाळके बुंधे.]

धरण 1989 मध्ये पूर्ण झालं. भिंत नागपूर जिल्ह्यात. मागचं पाणी पसरतं साधारण 72 चौरस किलोमीटरवर आणि त्यातलं 54 चौरस किलोमीटर मध्य प्रदेशात. जलविद्युत केंद्र 160 मेगावॅटचं. ते चालवतं मध्य प्रदेश आणि विजेचे दोन वाटे तिकडे, एक वाटा इकडे. लग्नात ठरलेल्या देण्याघेण्यासारखा हा व्यवहार आहे. जोवर पाणी आहे तोवर कुणी कागद उघडून बघत नाही.

जलाशयाला नाव दिलं मेघदूत. जवळच रामटेकचा डोंगर आहे ना, म्हणून. कालिदासाचा रामगिरी तो हाच, अशी आपल्याकडची श्रद्धा. श्रद्धा बाजूला ठेवली तरी वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, याला आधार आहे. तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा मिळाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी नवऱ्यामागे मुलांच्या वतीने राज्य चालवत होती. ढगाच्या हाती निरोप पाठवणाऱ्या यक्षाच्या काव्याचं नाव धरणाला शोभतं खरं, पण 2019 च्या जुलैत ते नाव घेताना अधिकाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आता पाण्यावरच्या माणसांकडे येऊ. नदीत मासे धरणारे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पलीकडच्या काठावर 1983 ला राष्ट्रीय उद्यान झालं, अलीकडच्या काठावर ते 1975 लाच झालं होतं. मध्ये जलाशय भरला. जंगलातला हक्क गेला, त्याच्या बदल्यात मध्य प्रदेश सरकारने 305 आदिवासी कुटुंबांना जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. पर्यावरणवादी सर्वोच्च न्यायालयात गेले. 1997 ला निकाल आला. परवाने रद्द झाले नाहीत, पण अटी लागल्या. फोटो असलेलं ओळखपत्र हवं, ठरलेल्या वाटेनेच जायचं, जंगलात चूल पेटवायची नाही, किती मासा धरला त्याची नोंद ठेवायची.

हा निकाल वाचताना माझी बोटं एका जागी थांबली. चूल पेटवायची नाही. जो माणूस पाण्यावर राबतो, त्याच्या भाकरीचं काय, हे कागदात येत नाही. वाघाच्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. एका ठिणगीने उन्हाळ्यात सागाचं जंगल पेटतं. पण जाळं टाकणाऱ्याला पाण्यात शीव दिसत नाही आणि माशाला तर त्याहून नाही.

[दृश्य: मनसर-खवासा महामार्ग. वर ट्रक, खाली पुलाच्या सावलीत चितळांचा कळप.]

रस्ता मात्र शहाणा झाला, तोही भांडून. महामार्ग चौपदरी करताना इथे वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले. त्यातला एक 750 मीटर लांब आहे. वरून हैदराबाद-जबलपूरचे ट्रक धावतात, खालून वाघ जातो. वाघाचे पट्टे दोन्ही राज्यांच्या कॅमेऱ्यांत सापडतात. त्याला शिवेवरच्या खवासाच्या नाक्यावर थांबावं लागत नाही.

[दृश्य: नकाशा. पेंचच्या वरच्या अंगाला आणखी एक निळा ठिपका.]

हा ठिपका नीट बघा. चौराईजवळचं माचागोरा धरण. तेही पेंचवरच, पण पूर्ण मध्य प्रदेशात. ते अडवू लागलं तसं तोतलाडोहात येणारं पाणी घटलं. त्यात पावसाने ओढ दिली आणि 2019 ला मृतसाठ्याला, म्हणजे धरणाच्या तळाशी राखलेल्या पाण्याला, हात घालावा लागला. मग इकडे ओरड सुरू झाली, आपलं पाणी त्यांनी अडवलं. ‘आपलं’ म्हणजे कुणाचं? छिंदवाड्याच्या शेतकऱ्याच्या शेतावर पडलेला पाऊस त्यानेही वापरायचा की नाही? कराराप्रमाणे तो त्याचा वाटाच वापरतो. आपण एवढंच विसरलो होतो की त्याचा न उचललेला वाटा इतकी वर्षं आपल्या नळाला येत होता.

[दृश्य: मे अखेर. तोतलाडोहचं उतरलेलं पाणी. तडकलेला गाळ. त्यावर हिरव्या गवताचा पट्टा.]

पाणी उतरतं तसं बुडालेलं खोरं हळूहळू वर येतं. आधी सागाचे काळे बुंधे, मग चिखल, मग चिखलावर कोवळं गवत. सगळं जंगल वाळलेलं असताना हिरवा रंग तेवढा इथेच दिसतो, म्हणून चितळ शेकड्याने उतरतात. आम्ही गेलो तेव्हा एक नर त्या गवतात मान घालून उभा होता. पाठीमागे धरणाचे 14 दरवाजे, सगळे बंद. भिंतीवरच्या पातळीच्या पट्टीवर पाण्याने सोडलेल्या पांढऱ्या रेघा एकाखाली एक दिसत होत्या. सोबतचा वनरक्षक त्या मोजत होता. पाच मोजून झाल्यावर त्याने विचारलं, ‘तुमच्याकडे नागपुरात नळ रोज येऊन राहिला ना सध्या?’