गिफी: छपरांवरून ओढलेलं नेटवर्क

हे ओसोना. बार्सिलोनाच्या उत्तरेला, कॅटालोनियातला शेतीवाडीचा आणि वराहपालनाचा पट्टा. शेतात एकेकटी दगडी घरं, एक इकडे तर दुसरं पार तिकडे.

२००४ साली शहरात ब्रॉडबँड आलेलं होतं पण इकडे केबल टाकायला कंपन्या काही येईनात, चार घरांसाठी एवढा खर्च कोण करणार, धंद्याच्या हिशोबाने त्यांचंही बरोबरच म्हणा. मग गुर्ब गावच्या रामोन रोका आणि मंडळींनी स्वतःच छपरावर वायफायचे अँटेना लावले आणि एका घरातून दुसऱ्या घरात लिंक जोडत सुटले. ह्याचं नाव गिफी डॉट नेट.

आता ह्यातली मेख अशी की दोन अँटेना एकमेकांना दिसायलाच हवेत. मधे टेकडी आली की खेळ खल्लास, मग त्या टेकडीवर ज्याचं घर आहे त्याला पटवा! (आपल्याकडे तर सोसायटीच्या गच्चीची चावी कोणाकडे इथूनच सुरुवात होईल.)

पण कोणाचं छप्पर कुठून दिसतं हे कळणार कसं? त्यासाठी त्यांनी वेबसाईटवर एक नकाशा केला, आणि माझ्या मते खरं काम अँटेनापेक्षा ह्या नकाशानेच केलं. प्रत्येक छप्पर म्हणजे एक ठिपका, म्हणजे नोड. तो नुसता ठरवलेला आहे, उभारणी चालू आहे, टेस्टिंगला आहे की सुरू झालाय, सगळं सगळ्यांना दिसतं. म्हणजे नवीन माणूस आला की आधी आपलं घर टाकतो, जवळ कोण आहे बघतो, त्याच्याशी बोलतो. आयपी अ‍ॅड्रेस साईटच देते, राउटरचं सेटिंगही तयार करून देते, ते कॉपी करून टाकायचं की झालं. त्यामुळे नेटवर्किंगचा ओ की ठो न कळणारेही ह्यात आले.

फुकट इंटरनेट म्हणतात ह्याला काहीजण, ते चूक आहे. अँटेना ज्याचा त्याने घ्यायचा, पण दुसऱ्याचा डेटा आपल्यातून जायला अडवायचं नाही, हा नियम. २००८ मध्ये फाउंडेशन झालं, २००९ पासून गुर्बमध्ये फायबरही पडायला लागली. आज ३० हजारांच्या वर नोड चालू आहेत.

पैसे आले की कटकटी आल्याच. ह्याच नेटवर्कवरून छोट्या लोकल कंपन्या इंटरनेट विकतात, मग वापर एकाचा जास्त आणि खर्च दुसऱ्याने केलेला असं होतं. त्याचा हिशोब फाउंडेशन मांडतं, ज्याने वापरलं जास्त पण घातलं कमी त्याने फरक भरायचा. तरी वाजलंच तर आधी आपसात समेट, मग मध्यस्थ, शेवटी लवाद. आणि ह्या सगळ्याचा खर्च? चूक ज्याची निघेल त्याच्या बिलात.