लांब केस, आखूड नाक

[दृश्य: कोल्हापूर, ताराबाई पार्क, सकाळ. खिडकीतलं ऊन, स्टीलचा कंगवा, गादीवर पांढऱ्या केसांचे पुंजके]

पर्शियन मांजराची पाठ कोणीही विंचरेल. खरं काम पोटाखाली, काखेत आणि कानांच्या मागे असतं. केसांच्या गाठी तिथेच होतात, आणि एकदा गाठ आवळली की ती सुटत नाही, कापूनच काढावी लागते. म्हणून आधी मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक. या मांजराच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब आणि रेशमी, आतली लव दाट. गाठी करते ती आतली लव.

घरातली मुलगी सांगते, "मी रोज विंचरतो त्याला. एखादा दिवस राहिलं तर ओरडत नाय, नुसता बघत बसतोय."

हा सुलतान. तीन वर्षांचा बोका. अंग बुटकं आणि भरलेलं, पाय आखूड नि जाड, छाती रुंद, मान जवळजवळ नाहीच. कान लहान, टोकाला गोल, एकमेकांपासून लांब. डोळे मोठे, तांब्याच्या रंगाचे. पूर्ण वाढलेलं पर्शियन मांजर साधारण साडेतीन ते साडेपाच किलोचं असतं. सुलतान दिसतो त्याच्या दुप्पट, पण ते सगळे केस.

[दृश्य: सुलतान सोफ्यावर. पाहुण्यांची ये-जा]

पडद्याला लटकणं, कपाटावरून उड्या मारणं या जातीच्या स्वभावात फारसं नाही. आवाज बारीक, तोही कधीमधी. अनोळखी माणूस आला तरी पळापळ नाही, फक्त जागा बदलायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे मांजर आवडतं ते यासाठीच. कोल्हापूर संस्थानात एकेकाळी चित्ते पाळले जात. डोळ्यांवर पट्टी बांधून, बैलगाडीत बसवून त्यांना काळविटाच्या शिकारीला नेत. त्याच गावात हा बोका भिंतीवरच्या पालीकडे बघून जांभई देतो.

[दृश्य: जुनी चित्रं, नकाशा]

नाव पर्शियन, म्हणजे इराणचं. युरोपात या लांब केसांच्या मांजरांची बातमी पोचवणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, पिएत्रो देल्ला व्हाल्ले. रोमच्या उमराव घराण्यातला हा प्रवासी १६२०च्या सुमारास इराणात होता. खोरासान प्रांतातल्या मांजरांबद्दल त्याने पत्रात लिहिलं आहे: राखाडी रंग, चमकदार मऊ केस, आणि खारीसारखी पाठीवर वळणारी झुबकेदार शेपटी. ही मांजरं रोमला न्यायचा त्याचा बेत होता. माणूस विलक्षणच. बायको वाटेत वारली, तर तिचा देह मसाले भरून जपला आणि वर्षानुवर्षं बरोबर वागवत शेवटी रोममध्ये नेऊन पुरला. त्याच प्रवासात, १६२३ साली, तो सुरतेला आणि गोव्यालाही येऊन गेला.

तुर्कस्तानातून अंगोरा मांजरं युरोपात आली तीही त्याच शतकात. दोघांचे केस लांब, दोघांची किंमत भारी, आणि पुढची दोनशे वर्षं त्यांची सरमिसळ होत राहिली. लांब केसांचा गुण आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही आला तरच पिल्लात दिसतो. त्यामुळे लांब केसांचं मांजर लांब केसांच्याच मांजराशी लावायचं, हे जनुकं कळायच्या कितीतरी आधी लोकांना कळलं होतं. गंमत पुढे आहे. २००८ साली जगभरच्या मांजरांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत आजचं पर्शियन इराणच्या आसपासच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या जवळचं निघालं. म्हणजे सुलतानचे पूर्वज नावाला इराणी आणि रक्ताने बरेचसे विलायती.

विलायतेचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली लंडनला गेले होते. परतताना इटलीत, फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची छत्री तिथे आजही उभी आहे. त्यांनी पाहिलेल्या त्या लंडनमध्ये पुढच्याच वर्षी, १३ जुलै १८७१ रोजी, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. भरवणारा हॅरिसन वेअर, पेशाने चित्रकार. कुठल्या मांजराला कशासाठी किती गुण द्यायचे, हे त्याने ठरवून दिलं. तोवर मांजर उंदरांसाठी होतं. आता ते गुणांसाठी झालं. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या राजवाड्यात निळी पर्शियन मांजरं आली, आणि मग काय, सगळ्यांनाच ती हवीशी झाली. या धंद्यात निळा म्हणजे राखाडी, हे सांगून ठेवतो.

[दृश्य: दोन मांजरं, बाजूने. आधी सुलतान, मग दुसरं. दोन्ही चेहरे पडद्यावर शेजारी शेजारी. थांबा]

आता नाकाकडे बघा. त्या काळच्या चित्रांतल्या पर्शियनला नाक आहे. सरळ, नीट दिसणारं, कपाळापासून उतरणारं. चेहरा गोल, पण चपटा नाही. १९०६ साली अमेरिकेत 'कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन' स्थापन झाली, प्रदर्शनं वाढली, आणि अमेरिकेत तांबड्या पर्शियनांमध्ये अधूनमधून चपट्या तोंडाची पिल्लं दिसू लागली. पिकनीज कुत्र्यासारखं तोंड म्हणून त्यांना 'पीक-फेस' म्हणत. परीक्षकांना गोल डोकं आवडत होतं, पैदास करणाऱ्यांना परीक्षकांची आवड कळत होती. दर पिढीत सगळ्यात आखूड नाकाचं पिल्लू ठेवायचं, त्याचीच पुढे पैदास करायची. विसाव्या शतकाच्या शेवटी नाकाचं टोक डोळ्यांच्या रेषेत जाऊन बसलं. निसर्गाने हे केलं नाही. बक्षिसांनी केलं.

कोल्हापुरात पिल्लं घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या तोंडी तीन शब्द असतात: डॉल फेस, सेमी पंच, पंच. डॉल फेस म्हणजे नाक असलेला, जुन्या चित्रातला चेहरा. पंच म्हणजे आत गेलेला. सेमी पंच या दोन्हींच्या मधला. भाव पंचला जास्त. आम्हाला विचाराल तर डॉल फेसच देखणा, आणि कॅमेऱ्यालाही तोच आवडला. या चित्रफितीत सुलतान जास्त दिसतो, ते उगाच नाही.

आत गेलेल्या नाकाने श्वास अडतो, डोळ्यांतलं पाणी नाकात न उतरता गालावर ओघळतं, दात वेडेवाकडे बसतात, उन्हाळा सोसत नाही.

[दृश्य: पावसाळा. राजाराम बंधारा पाण्याखाली. नंतर घरात ड्रायर]

जुलैमध्ये पंचगंगेला पाणी चढतं, बंधारे बुडतात, आणि शहरातले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. मांजराचे केसही वाळत नाहीत. ओलसर राहिले की त्वचेला बुरशी धरते. पर्शियनांत हा त्रास नेहमीचा, आणि ती बुरशी माणसालाही लागते, गोल लाल चट्टा उठतो. म्हणून पावसात आंघोळ कमी. घातलीच तर कोमट पाणी, मांजरांचाच शाम्पू, टॉवेलने दाबून पाणी टिपायचं, चोळायचं नाही. मग ड्रायर, मंद वाऱ्यावर, लांबून. एक हात केसांत ठेवायचा, म्हणजे गरम किती लागतंय ते आधी आपल्याला कळतं. मुळापाशी कोरडं झालं की मगच कंगवा. सुलतान हे सगळं डोळे मिटून सोसतो. शेवटी डोळ्यांचे कोपरे ओल्या कापसाने पुसायचे, आतून बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

[दृश्य: गंगावेश, दूध कट्टा, संध्याकाळ. म्हशीची धार, फेसाळ ग्लास]

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते आणि धारोष्ण दूध थेट ग्लासात येतं. कोल्हापूरकराला वाटतं, एवढं चांगलं दूध, मांजराला का नको? बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडतं, आणि लांब केसांच्या मांजराचं पोट बिघडलं की मागची सगळी साफसफाई घरच्यांच्या वाट्याला. सुलतानला पाणी मिळतं. दूध आजोबा पितात.

[दृश्य: दवाखाना. टेबलावर सुलतान, कापसाची काडी]

पर्शियनांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. गाठी जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात, आणि मांजर ऐन वयात आलं की अनेकदा मूत्रपिंड काम सोडतं. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो. त्यामागचा जनुकातला बदल २००४ साली सापडला, आणि आता गालाच्या आतून काडी फिरवून चाचणी करता येते. आयुष्यात एकदाच करायची.

सुलतान घेताना घरच्यांना हे माहीत नव्हतं. आता दुसरं पिल्लू आणायचं ठरलं, तेव्हा त्यांनी आधी आईबापांच्या चाचणीचा कागद मागितला, मग पिल्लाच्या नाकपुड्या उजेडात पाहिल्या. पिल्लू पंच फेस होतं, कागद नव्हता. विकणारा म्हणाला, "असलं कोण विचारत नाय हो." त्यांनी पिल्लू घेतलं नाही. शोध चालू आहे.