शंकुल आणि कलवरीच्या मधली वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत एक पाणबुडी ठेवलेली आहे, 'कुरसुरा'. १९६९ साली ती आपल्या नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि आता तिचं संग्रहालय केलं आहे. सुट्टीत तिकडं गेलात तर आत नक्की जाऊन या. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायला एक गोल भोक असतं. आधी एक पाय टाकायचा, मग मान खाली घालून अंग आत घ्यायचं, मग दुसरा पाय. दोन्ही बाजूंना नळ्या, चाकं, तबकड्या. झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंना अगदी खेटून. एक्क्याण्णव मीटर लांबीच्या या नळकांड्यात पाऊणशे माणसं आठवडेच्या आठवडे राहायची. मी जेमतेम पंधरा मिनिटं आत होतो आणि बाहेर आल्यावर मोठा श्वास घेतला.

आज मला बोलायचं आहे ते या पाणबुड्या म्हाताऱ्या होतात तेव्हा काय होतं, याबद्दल.

बोट म्हातारी का होते? समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की वातावरणाच्या दाबाएवढा दाब आणखी वाढतो. दोनशे मीटरवर नखाएवढ्या जागेवर साधारण वीस किलोचा भार असतो. पाणबुडीचं पोलादी कवच प्रत्येक बुडीला आवळलं जातं आणि वर आल्यावर पुन्हा सैल होतं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती कधीतरी तुटते, तसंच हे. शिवाय खारं पाणी आहेच. म्हणून पंचवीस-तीस वर्षांनी पाणबुडीला एकतर मोठी दुरुस्ती करून आणखी काही वर्षं वापरायचं, नाहीतर निरोप द्यायचा.

आपल्याकडं १९८६ ते २००० या काळात रशियन बनावटीच्या सिंधुघोष वर्गातल्या दहा पाणबुड्या आल्या. त्याच सुमारास जर्मन बनावटीच्या शिशुमार वर्गातल्या चार आल्या. हिशेब सोपा आहे. या सगळ्यांचं वय एकदमच झालं. त्यातली 'सिंधुरक्षक' १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडाली आणि अठरा नौसैनिक गेले. ते जुनेपणामुळं झालं असं म्हणता येत नाही, ती रशियातून दुरुस्त होऊन नुकतीच आली होती. पण एक बोट अशी अचानक गेली, तेव्हा तिच्या जागी उभी करायला दुसरी नवी बोट नव्हती. २०२० मध्ये 'सिंधुवीर' म्यानमारला दिली गेली, २०२२ मध्ये 'सिंधुध्वज' निवृत्त झाली.

आता मुंबईच्या माझगाव गोदीकडं येऊ, कारण माझा जीव तिथं अडकला आहे. शिशुमार वर्गातल्या पहिल्या दोन बोटी जर्मनीत कीलला बांधल्या गेल्या. तिसरी 'शाल्की' माझगावला बांधली आणि १९९२ मध्ये ती नौदलात आली. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी! १९९४ मध्ये 'शंकुल' आली. हे शिकायला आपली माणसं जर्मनीला गेली होती. पाणबुडीच्या कवचाची वेल्डिंग म्हणजे दरवाज्याची जाळी जोडणं नव्हे. प्रत्येक शिवण क्ष-किरणांखाली तपासली जाते, आत बारीकसा बुडबुडा राहिला तरी ती कापून पुन्हा भरायची. असा हात बसायला वर्षं लागतात. आणि नेमका तो बसला तेव्हा या बोटींच्या जर्मनीशी झालेल्या व्यवहारावर दलालीचे आरोप झालेले होते आणि पुढच्या बोटींचं काम थांबलेलं होतं. शंकुलनंतर माझगावात पाणबुडी नाही. वेल्डर दुसऱ्या कामाला लागले, काही निवृत्त झाले.

१९९९ मध्ये सरकारनं तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधायची योजना मंजूर केली. २००५ मध्ये फ्रेंच स्कॉर्पीन जातीच्या सहा बोटींचा करार झाला. पहिल्या बोटीचं पोलाद कापायला सुरुवात झाली डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे शंकुलनंतर बारा वर्षांनी. सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. ती पहिली बोट, 'कलवरी', २०१७ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाली. तेवीस वर्षं! शंकुल आली त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर शिकून नोकरीला लागलं असेल. मग 'खांदेरी' आली. थळच्या किनाऱ्यासमोर शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दीला न जुमानता उभ्या केलेल्या किल्ल्याचं हे नाव. त्यानंतर करंज, वेला, वागीर, आणि जानेवारी २०२५ मध्ये सहावी, 'वागशीर'.

समुद्रावर टेहळणी करून पाणबुड्या शोधणाऱ्या नौदलाच्या विमानांचं मात्र वेगळं झालं. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरताना अनेकांनी शेपटीमागं लांब काठी असलेली राखाडी विमानं पाहिली असतील. ती इल्यूशिन-३८, १९७७ पासून तिथं होती. १ ऑक्टोबर २००२ रोजी, त्यांच्या तुकडीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनीच, दोन विमानं हवेत एकमेकांना धडकली आणि त्यांतले बाराही जण गेले. उरलेली विमानं त्यानंतरही एकवीस वर्षं उडत राहिली. ३१ ऑक्टोबर २०२३ ला त्यांना निरोप दिला, तेव्हा त्यांच्या जागी यायची पी-८आय विमानं त्याच धावपट्टीवर दीड वर्ष आधीच येऊन थांबली होती. २००९ मध्ये करार झाला आणि २०१३ मध्ये पहिलं विमान तमिळनाडूत अरक्कोणमला उतरलं. बदली व्हावी तर अशी. अर्थात हे विमान अमेरिकेतून तयार विकत घेतलं, त्याचा सांगाडा बोइंग ७३७ या प्रवासी विमानाचा आहे. बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात गेलात तर तिथं सुपर कॉन्स्टेलेशन दिसेल. एकेकाळी एअर इंडियाचे प्रवासी नेणारं हे विमान पुढं नौदलानं याच टेहळणीसाठी वापरलं.

पाणबुडी आणि विमान यांचं नातं मांजर-उंदराचं. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला काही दिवसांनी पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी वर काढावी लागते, हवा घेऊन इंजिन चालवून बॅटऱ्या भरायला. विमानाचं रडार त्याच नळीच्या शोधात असतं. ती पुन्हा बुडाली की विमान पाण्यात सोनोबॉय टाकतं. हे तरंगणारं नळकांडं तारेनं खाली सोडलेल्या ध्वनिग्राहकातून आवाज ऐकतं आणि रेडिओनं वर कळवतं. म्हणूनच हवा न घेता जास्त दिवस खाली राहू देणारी यंत्रणा हवी. ती आपल्या अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत तयार होते आहे, फ्यूएल सेलवर, म्हणजे इंधन न जाळता रासायनिक क्रियेतून वीज करणाऱ्या घटावर चालणारी. ती कलवरी वर्गात बसवण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव गोदीशी झाला. बसवायची म्हणजे बोट मधोमध कापायची, नवा तुकडा घालायचा आणि पुन्हा जोडायची. पुन्हा तेच वेल्डर, त्याच शिवणी.

पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी प्रस्ताव मागवले गेले २०२१ मध्ये, आणि निवड फिरून आली ती माझगाव आणि कीलच्याच जर्मन कंपनीवर. शाल्की आणि शंकुल ज्यांच्याकडून शिकलो तेच हे लोक. वागशीरच्या शिवणी भरलेली माणसं आज गोदीत आहेत, कामात आहेत, त्यांच्या हाताखाली नवी पोरं उभी करता येतील अशा वयात आहेत. शंकुलनंतर पोलाद कापायला बारा वर्षं लागली होती. वागशीर जानेवारी २०२५ मध्ये गेली. या वेळची मोजणी तिथून सुरू झाली आहे.

नमस्कार.