सुजेची गोळी

(कोल्हापुरात दिलेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गुऱ्हाळावर गूळ निघाल्यावर कधी मागं थांबलाय का? काहील उतरली, गूळ वाफ्यात ओतला, माणसं चहाला गेली. त्या वेळी चुलवणापाशी हात नेऊन बघा. जाळ नाही, धूर नाही, वर नुसती राख. पण हात मागं घ्यावा लागतो. मधुमेह्याची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर शरीरात अशीच धग, म्हणजे इन्फ्लमेशन, मागं राहते, आणि साखरेचा रिपोर्ट नॉर्मल आला की सगळे ती विसरतात. डॉक्टरसुद्धा. मी सर्जन नाही, शस्त्रक्रियेनंतर साखर सांभाळणारा माणूस आहे. तेव्हा हे माझ्याही बाबतीत खरं आहे.

आधी शब्दाचा घोळ. इन्फ्लमेशनला मराठीत आपण सूज म्हणतो किंवा दाह म्हणतो. दोन्ही शब्द फसवे. सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दोन हजार वर्षांपूर्वी याच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, ऊब आणि वेदना. लठ्ठपणातल्या दाहात यातली एकही वरून दिसत नाही. रुग्णाला ‘दाह होतो का?’ विचारलं तर तो म्हणतो, ‘होतो की, मिसळ खाल्ली की होतो.’ तो दाह वेगळा.

मग हा कुठं असतो? चरबीत. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं, असंच आम्हालाही वाटायचं. १९९३ साली हॉटामिसलिगिल आणि स्पिगेलमन या संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहाचं रसायन दाखवलं. ते अडवलं तर उंदरांवर इन्शुलिन पुन्हा नीट काम करू लागलं. पुढं २००३ मध्ये कळलं की चरबीतल्या एकूण पेशींत भक्षक पेशी, मॅक्रोफेज, सडपातळ माणसात दहा टक्क्यांहून कमी असतात, तर लठ्ठ माणसात जवळपास चाळीस टक्क्यांवर जातात. चरबीची पेशी फुगत फुगत जाते, तिला प्राणवायू पुरेना होतो, ती मरते आणि या पेशी तिच्याभोवती कोंडाळं करतात. त्यांनी सोडलेली रसायनं रक्तातून यकृताकडं, स्नायूंकडं जातात. इन्शुलिन दाराशी येऊन कडी वाजवतं, आत कुणी ऐकत नाही. यकृत सीआरपी नावाचं, दाह असला की वाढणारं प्रथिन तयार करतं, तेवढंच आपल्याला तपासणीत दिसतं.

आता मावशींची गोष्ट. करवीर तालुक्यातल्या एक मधुमेही मावशी, वजनासाठी जठराची बायपास झालेली. या शस्त्रक्रियेत जठराची जेमतेम अंड्याएवढी पिशवी ठेवून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. तिसऱ्या दिवशी इन्शुलिनची इंजेक्शनं जवळपास बंद. वजन अजून काहीच उतरलेलं नव्हतं. मावशी खूश. पण कुणीतरी सीआरपी केलं होतं आणि ते चांगलंच चढलेलं. ‘साखर उतरली की वो डॉक्टर, मग हे काय चढलंय?’

प्रश्न बरोबर होता. साखर उतरते ती दोन-चार दिवसांत, कारण पोटात जाणारं अन्न एकदम घटतं, यकृतातली चरबी कमी होऊ लागते, आणि अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचल्यामुळं जीएलपी-१ हे संप्रेरक जोरात स्रवतं. दाहाचा यात लगेच काही संबंध येत नाही. उलट सर्जननं केलेली जखम हाही दाहच, म्हणून सीआरपी आधी चढतं. चरबीतला दाह वजनाबरोबर, महिन्यामहिन्यानं उतरतो. साखरेचं घड्याळ दिवसांवर चालतं, दाहाचं महिन्यांवर. म्हणून त्या आठवड्यात केलेल्या सीआरपीवरून जुन्या दाहाचं काही कळत नाही. जखमेत पू झालाय का, टाका गळतोय का, एवढ्यासाठीच ते बघायचं.

कुणी म्हणेल, मग चरबीच ओढून काढा. काढून बघितलीय. २००४ मध्ये पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शननं काढली. इन्शुलिनचं काम सुधारलं नाही, सीआरपी हललं नाही. कातडीखालची चरबी गेली. यकृतातली, आतड्यांभोवतीची जागेवरच. शिवाय उरलेल्या पेशी तशाच फुगलेल्या. आपल्या भारतीयांसाठी हे जास्तच महत्त्वाचं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आणि खासबागेत उतरणारा पैलवान वजनकाट्यावर लठ्ठ ठरेल! काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.

धग मागं राहते म्हणालो, त्याला आता पुरावा आहे. २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेआधीची आणि नंतर दोन वर्षांची चरबी तपासली. वजन उतरलं होतं, पण पेशींच्या वागण्यात लठ्ठपणाच्या खुणा शिल्लक होत्या. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह हटलेला होता, पंधरा वर्षांनी ३० टक्क्यांचा. स्वादुपिंड आधीच किती थकलं होतं, वजन पुन्हा किती चढलं, हीही त्याची कारणं. शस्त्रक्रिया न केलेल्यांत हा आकडा पंधरा वर्षांनी साडेसहा होता, तेव्हा ३० कमी नाहीत. पण लग्नात पेढे वाटून आमच्याकडं येणं बंद करावं, इतके जास्तही नाहीत.

शेवटी प्रश्न हमखास येतो: धग विझवायची गोळी नाही का? १८७६ मध्येच जर्मनीत एब्स्टाइन या डॉक्टरांनी सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं, दाह उतरवणारं औषध देऊन लघवीतली साखर कमी झालेली नोंदवली होती. त्याच घराण्यातलं सालसलेट देऊन २०१३ मध्ये नीट चाचणी झाली. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ०.३७ टक्क्यानं उतरला. कल्पना खरी, उतार लहान, आणि मूत्रपिंडाची काळजी लागून राहिली.

हे मी मावशींना सांगायला हवं होतं. मी त्यांना, सोपं करून सांगावं म्हणून, एवढंच म्हणालो होतो की ‘तुमच्या चरबीत सूज आहे, ती हळूहळू उतरेल.’ मावशींनी मेडिकलमध्ये जाऊन सुजेची गोळी मागितली. दुकानदारानं दिली, गुडघ्यासाठी सगळे नेतात तीच. बायपास झालेल्या माणसानं ती घेऊ नये, नव्या जोडाजवळ अल्सर होतो. आठव्या महिन्यात मावशी आल्या तेव्हा साखर उत्तम होती, वजन उतरलेलं होतं, आणि चार दिवस शी डांबरासारखी काळी होत होती, म्हणजे आत रक्तस्राव चालू होता.